तूर-पऱ्हाटीच्या फुलातला रस आणि आपले पीक
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



नेर तालुक्यात कोणत्याही रस्त्याने जा, यवतमाळकडे जा, दारव्ह्याकडे जा की अमरावतीकडे जा, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर हीच पिके दिसतात. पेरणीपासून वेचणीपर्यंत आपण या पिकांचे पान पाहतो, बोंड पाहतो, शेंग पाहतो. पण ज्यातून बोंड आणि शेंग होते ते फूल मात्र आपण क्वचितच उघडून पाहतो. फूल आले की आपल्या मनात पहिला विचार येतो तो फवारणीचा. म्हणून आज आपण फुलाविषयी बोलणार आहोत. फुलाची रचना कशी असते, त्यात गोड रस कुठे तयार होतो, तो कोणासाठी असतो, आणि हे समजून घेतल्याने आपल्या वावरात काय फायदा होतो, हे सारे पाहू.

फुलात गोडवा कशासाठी?

झाड पानात साखर तयार करते. ही साखर रसवाहिन्यांतून मुळाकडे, शेंड्याकडे, फळाकडे जाते. त्यातला थोडा भाग फुलाच्या तळाशी असलेल्या बारीक ग्रंथींतून बाहेर झिरपतो. हाच मकरंद. त्यात पाणी, साखर आणि इतर काही द्रव्ये थोड्या प्रमाणात असतात. मधमाशी हाच रस पोळ्यात नेते, त्यातली साखर मोडते, पंखांनी वारा घालून पाणी उडवते, आणि मग त्याचा मध होतो. फुलात असतो तो मध नव्हे, मधाचा कच्चा माल असतो, हे ध्यानात घ्या.

आता झाड आपल्या कष्टाची साखर फुकट का वाटते? फुकट नाही वाटत, ती मजुरी आहे! झाडाला चालता येत नाही. एका फुलातले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचवायचे तर कोणीतरी नेणारा लागतो. गहू, ज्वारी, मका यांचे पराग हलके व कोरडे असतात, ते वारा नेतो. म्हणून त्यांच्या फुलांत ना रंग ना रस. उलट पऱ्हाटीचे पराग जड, चिकट आणि काटेरी असतात, वाऱ्याने ते उडत नाहीत. तिथे माशीच लागते, आणि माशीला बोलवायचे तर रस द्यावा लागतो.

मधमाशीची आणखी एक सवय शेतकऱ्याच्या कामाची आहे. एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. तुरीवर निघाली की तूरच करते. त्यामुळे तुरीचे पराग तुरीवरच पडतात, वाया जात नाहीत.

तुरीचे फूल उघडून पाहा

तुरीचे एक ताजे फूल हातात घ्या. पाच पाकळ्या दिसतील. मागे उभी असते ती सर्वांत मोठी पाकळी, तिला ध्वज म्हणतात. काही वाणांत तिच्यावर तांबड्या रेघा असतात. बाजूच्या दोन पाकळ्या म्हणजे पंख. आणि खाली दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून होडीसारखी नाव झालेली असते. या नावेच्या पोटात स्त्रीकेसर आणि दहा पुंकेसर लपलेले असतात. दहांपैकी नऊ पुंकेसर खालून एकमेकांना जोडलेले असतात, त्यांची नळी होते. दहावा मात्र वेगळा असतो.

हा दहावा वेगळा का? तर रस असतो त्या नळीच्या तळाशी, शेंगेच्या कोवळ्या अंकुराभोवती. दहावा पुंकेसर सुटा असल्याने त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. माशी तिथूनच सोंड घालते. रस घेण्यासाठी ती पंखांवर आणि नावेवर बसते, तिच्या भाराने नाव खाली दबते, आतले पुंकेसर वर उसळतात आणि माशीच्या पोटाला पराग लागतात. दुसऱ्या फुलावर तेच पराग तिथल्या स्त्रीकेसराला लागतात. बोटाने नाव हळूच खाली दाबून पाहा, हे सारे डोळ्यांना दिसेल.

हीच रचना मोठ्या आकारात पाहायची असेल तर फाल्गुनात पळसाचे फूल घ्या. पळस आणि तूर एकाच कुळातले. पळसाची नाव पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते आणि रस इतका की साळुंकी, बुलबुल, शिंजीर असे पक्षी त्यासाठी येतात. मुलांना फूल शिकवायचे तर पळसासारखे दुसरे पुस्तक नाही.

आता कोणी म्हणेल, तुरीला तर माशी नसली तरी शेंगा लागतात. हे बरोबर आहे. तुरीचे पुंकेसर बहुधा कळीतच फुटतात आणि फुलाचे स्वतःचेच पराग लागून शेंग धरू शकते. पण माशी आल्याने शेंगा धरण्यास मदत होते आणि परागांची देवाणघेवाणही होते. याचा ढळढळीत पुरावा म्हणजे संकरित तूर. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या संशोधनातून १९९१ साली आयसीपीएच ८ हे जगातले पहिले संकरित तुरीचे वाण प्रसारित झाले. या बियाण्यासाठी मादी ओळीतील झाडे अशी घेतात की त्यांना कामाचे परागच नसतात. तरी त्या झाडांना शेंगा लागतात. पराग कोण आणते? आग्या मोहोळाच्या माश्या, पाने कातरणाऱ्या माश्या, भुंगे. माणसाचा हातही लागत नाही.

यातून एक सावधगिरीही शिकायची. तुमच्या धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचे दुसरे वाण असेल, तर माशी तिकडचे पराग इकडे आणणारच. म्हणून घरचे बियाणे ठेवायचे असेल तर काठावरच्या ओळींतले ठेवू नका. वावराच्या मधल्या भागातील, सारख्या दिसणाऱ्या, निरोगी झाडांच्या शेंगा वेगळ्या तोडून ठेवा.

आणि फूलगळ पाहून घाबरू नका. तुरीला जितकी फुले येतात त्यातली बहुतेक गळतात, ही या पिकाची रीतच आहे. झाड आपल्याला पोसवेल तेवढ्याच शेंगा धरते. पण ओल तुटली, सलग ढगाळ हवा राहिली किंवा धुवारी पडली तर गळ वाढते. धुक्याच्या सकाळी माशी बाहेर पडत नाही. पाण्याची सोय असेल तर कळी लागताना आणि शेंगा भरताना जमिनीची ओल पाहून हलके पाणी द्या. ओल असली तरच पानात साखर होते, आणि साखर असली तरच फुलात रस येतो.

पऱ्हाटीचा रस फुलातही आणि पानावरही

पऱ्हाटीचे फूल सकाळी उमलते. अमेरिकन कपाशीचे फूल पहिल्या दिवशी दुधाळ-पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग गळते. म्हणजे परागसिंचनाला एकच दिवस मिळतो. वावरात पांढरट फूल दिसले तर ते आजचे, गुलाबी दिसले तर कालचे, इतका सोपा हिशेब आहे.

फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा खांब असतो. सारे पुंकेसर एकत्र जुळून त्यांची नळी होते आणि तिच्यातून स्त्रीकेसराचे टोक वर निघते. रस मात्र पाकळ्यांच्या खाली, हिरव्या पेल्याच्या आतल्या बाजूला तळाशी असतो. पाकळ्यांच्या बुडाशी बारीक फटी असतात आणि त्यांवर केसांची जाळी असते. त्या जाळीमुळे लहानसहान किड्यांना रस चोरता येत नाही. पुरेशी लांब सोंड असलेली माशीच तिथवर पोचते, आणि पोचताना अंगाला पराग माखून घेते.

याच फुलाच्या रचनेवर आपल्या देशात एक मोठे काम झाले. गुजरातमधील सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली एच-४ हे जगातले पहिले व्यापारी संकरित कपाशीचे वाण दिले. त्याच्या बियाण्यासाठी संध्याकाळी कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग हातानेच लावायचे. एकेका फुलाला माणसाचा हात लागतो. माशी करते ते काम मजुरी देऊन करायचे तर किती खर्च येतो, हे बियाणे प्लॉट घेणाऱ्यांना विचारा!

पऱ्हाटी स्वतःच्या परागांवरही बोंड धरते. पण माश्यांची वर्दळ चांगली असेल तर बोंडात सरकीची संख्या चांगली भरण्यास मदत होते. सरकी भरली तर रुई भरते, कारण रुईचा प्रत्येक तंतू सरकीवरच उगवतो.

आता एक गोष्ट बहुतेकांनी पाहिली असेल पण ओळखली नसेल. पऱ्हाटीचे पान उलटे करा. मधल्या शिरेवर, देठापासून थोड्या अंतरावर, एक लहान खोलगट ठिपका दिसेल. काही पानांवर बाजूच्या शिरांवरही असतो. सकाळी तिथे चमकदार थेंब असतो, जिभेला गोड लागतो. पण फवारलेल्या पऱ्हाटीवर चाखून पाहू नका! अशाच ग्रंथी पात्यांना झाकणाऱ्या तीन हिरव्या पानांच्या बुडाशीही असतात. फूल नसतानाही झाड इथून रस देते.

हा रस कशासाठी? मुंग्या, ढालकिडे, क्रायसोपा, आणि किडीच्या अंड्यात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या यांना तो खाऊ मिळतो. ही सारी आपली मित्र मंडळी. झाड त्यांना राखणीला ठेवते. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी हवाई बेटांवरच्या रानकपाशीचा गुण घेऊन बिनरसाची कपाशीही तयार केली. हेतू असा की रस नसला तर शत्रुकिडीचे पतंग कमी येतील. पतंग कमी आले खरे, पण मित्रकीटकही कमी झाले. निसर्गाच्या हिशेबात एक रकाना खोडला की दुसराही बदलतो, हे त्यातून दिसले.

रस आणि चिकटा यात गल्लत नको

इथे एक खूण सांगतो, ती पक्की लक्षात ठेवा. मावा आणि पांढरी माशी यांच्या अंगातूनही गोड चिकट द्रव पडतो. त्याला आपण चिकटा म्हणतो. चिकटा खालच्या पानांच्या वरच्या बाजूला सगळीकडे शिंपडल्यासारखा दिसतो, पुढे त्यावर काळी बुरशी चढते. झाडाचा रस मात्र पानाच्या खालच्या बाजूला, शिरेवरच्या ठरावीक ठिपक्यावरच असतो. म्हणून पानावर मुंगी दिसली की लगेच पंप उचलू नका. पान उलटून पाहा. मावा असेल तर तो डोळ्यांना दिसेलच. नसेल तर मुंगी आपल्या मजुरीवर आली आहे, तिला राहू द्या.

फुले पाहताना आणखी एक गोष्ट बघा. एखादे फूल नीट न उमलता पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखे दिसले तर ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. अशा फुलात माशी शिरू शकत नाही आणि ती अळी पुढे बोंडात जाते. डोमकळ्या तोडून पिशवीत गोळा करा आणि अळीसकट नष्ट करा. वावरातच टाकून देऊ नका.

थंड मुलुखातले हीथ आणि आपले वांगे

जगाच्या पाठीवर फुलांनी रस देण्याच्या आणि पराग राखण्याच्या नाना तऱ्हा आहेत. युरोपातल्या थंड, नापीक माळरानांवर हीथ नावाची झुडपे उगवतात. आपल्या हिमालयातला बुरांश याच कुळातला. हीथच्या पुष्कळ जातींची फुले घंटेसारखी खाली लोंबतात, म्हणजे पाऊस आला तरी आतला रस पातळ होत नाही. त्यांचे पराग मिठाच्या डबीसारखे टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतात, फूल हलवले की झडतात.

ही छिद्रांची युक्ती आपल्या परसातही आहे. वांग्याच्या फुलात मधले पिवळे पुंकेसर टोकाशी छिद्र असलेले असतात. वांग्याचे फूल रस देत नाही, फक्त पराग देते. पेटीतली मधमाशी ते सहज काढू शकत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला धरून अंग थरथरवतात, घूंऽ असा आवाज होतो आणि पराग झडतात. हे भुंगे वाळलेल्या लाकडात, बांबूत घर करतात, रानमाश्या मातीत. म्हणून धुऱ्यावरचे प्रत्येक वाळके लाकूड जाळू नका, आणि धुऱ्याचा थोडा भाग न वखरता ठेवा.

गंमत म्हणजे आपला मोह आणि ते दूरदेशीचे हीथ यांना वनस्पतिशास्त्राने एकाच गणात घातले आहे. मोहाने मात्र वेगळीच रीत धरली. त्याच्या पाकळ्यांची मांसल वाटीच गोड असते. फूल रात्री उमलते, वटवाघळे येतात, आणि पहाटे वाटी गळून पडते. फळाचा अंकुर फांदीवरच राहतो. म्हणून पडलेली मोहफुले वेचल्याने टोळ कमी लागत नाही. पण वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवू नका. त्यात मोहाची रोपे जळतात आणि आग जंगलात जाते. पाला झाडून बाजूला करा.

फुलोऱ्यात फवारणी: इथेच खरी परीक्षा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तूर फुलावर येते तेव्हाच शेंगा पोखरणाऱ्या अळीचे पतंग अंडी घालतात. अळी आवरली नाही तर पीक जाते. पण भर दुपारी, माश्या फुलांवर असताना जहाल विष मारले तर माश्या मरतात, मित्रकीटक मरतात, आणि अळीचे वैरी संपल्याने पुढची पिढी आणखी जोराने येते. काही औषधे झाडाच्या रसात भिनतात आणि फुलातल्या मकरंदातही उतरतात. याच कारणाने युरोपियन युनियनने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह अशी तीन औषधे उघड्या शेतात वापरण्यास बंदी घातली.

माशीचेच कशाला, माणसाचेही तेच. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती आठवण प्रत्येक पंपासोबत ठेवली पाहिजे. जे विष माशीला वाचवण्यासाठी आपण जपून वापरू, ते आपल्यालाही वाचवेल.

मग करायचे काय? ऐका.

पहिले, मोजल्याशिवाय मारू नका. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सलग दोन-तीन दिवस सापडले, किंवा झाडामागे सरासरी एक-दोन अळ्या दिसल्या, तरच फवारणीचा विचार करा. पक्ष्यांना बसायला वावरात काठ्या रोवा. चिमण्या, साळुंक्या, कोतवाल अळ्या वेचून खातात.

दुसरे, सुरुवात सौम्य उपायाने करा. साधारण निम्म्या झाडांवर फुले आली की ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी वस्त्रगाळ करून एकूण शंभर लिटर पाणी करा. लहान अळ्यांवर विषाणूजन्य औषध म्हणजे एचएनपीव्ही हेही चांगले. ते माशीला अपाय करत नाही. तेही संध्याकाळी मारावे, कारण उन्हाने त्याचा जोर कमी होतो.

तिसरे, रासायनिक औषध मारावेच लागले तर कृषी विद्यापीठाने त्या पिकासाठी शिफारस केलेलेच घ्या, मात्रा वाढवू नका, दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नका. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हा त्रिकोण माणसाच्या धोक्याचा आहे. माशीच्या धोक्यासाठी सोबतचे माहितीपत्रक वाचा किंवा वाचून घ्या.

चौथे, दिवस कलल्यावर, माश्या पोळ्याकडे परतल्यावर फवारा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. हातमोजे, तोंडावर मुखवटा, पूर्ण अंगभर कपडे घाला. उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका. जवळपास कोणाच्या मधपेट्या असतील तर आदल्या दिवशी निरोप द्या.

मोहोळ जाळू नका

पिंपळावर, वडावर, पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागते. हीच माशी आपल्या तुरीची मोठी मजूर. मधासाठी टेंभा लावून सगळे मोहोळ जाळले तर हजारो माश्या एका रात्रीत जातात. आग्या मोहोळात मध वरच्या जाड भागात असतो आणि खाली अंडी-पिल्ले असतात. जाणकार माणूस संरक्षक कपडे घालून फक्त मधाचा भाग कापून घेतो, माश्या तिथेच राहतात. ज्याला हे शिक्षण नाही त्याने मोहोळाच्या नादी लागू नये, त्या माशीचा डंख जिवावर बेततो.

माशी वर्षभर टिकायची तर तिला बारमाही फूल हवे. पावसाळ्यात बाभूळ, तीळ, मग पऱ्हाटी, हिवाळ्यात तूर, करडई, धने, उन्हाळ्यात कडूलिंब, करंज, जांभूळ. धुऱ्यावर करंज आणि कडूलिंबाची चार झाडे लावा. आईच्या ओळखीची काकडी, टरबूज ही पिके तर माशीशिवाय फळच धरत नाहीत, कारण त्यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. उन्हाळ्यात विहिरीजवळ उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा, माशी खड्यावर बसून पाणी पिते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. फुलातला रस ही माशीची मजुरी आहे. तिच्यात विष कालवू नका.
२. तुरीची बरीच फुले गळतात, ते स्वाभाविक आहे, ओल टिकवा.
३. पानाखालचा ठरावीक ठिपक्यावरचा थेंब म्हणजे रस, पानावर पसरलेला तो चिकटा.
४. डोमकळ्या तोडून नष्ट करा.
५. सापळे पाहून, सौम्य उपाय आधी, आणि फवारणी दिवस कलल्यावर.
६. घरचे बियाणे वावराच्या मधल्या भागातून ठेवा.
७. मोहोळ जाळू नका, धुऱ्यावर फुलझाडे राखा.

बंधू-भगिनींनो, उद्या सकाळी वावरात जाल तेव्हा दहा मिनिटे पंप बाजूला ठेवा आणि एका झाडाजवळ उभे राहा. किती माश्या येतात, कोणत्या येतात, किती वाजता येतात ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या फवारणीची वेळ ती वहीच तुम्हाला सांगेल.